पेल्यावरचा काळा पाव

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचे असं सांगतो. आई-वडील शेजारी बसलेले असले तरी हेच सांगतो, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. परतूरला वडिलांचं इस्त्रीचं दुकान आहे. दहावीनंतर मी दुकानात उभं राहायचं हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर घरात कधी बोलणंही झालं नव्हतं. निकालानंतर बाई दोन साड्या इस्त्रीला घेऊन आल्या आणि साड्या देऊन झाल्यावर तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. वडिलांनी अकरावीच्या फॉर्मवर सही केल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. पुढे बी.एस्सी. झालं, मग नॉटिंगहॅमला रसायनशास्त्रात एम.एस्सी. यातला प्रत्येक अर्ज बाईंनी वाचून दुरुस्त केला होता. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला.

त्याच बाईंशी मी सहा महिने खोटं बोलत होतो.

इथे शिक्षण संपल्यावर काम शोधायला दोन वर्षांचा व्हिसा मिळतो. तेवढ्यात व्हिसा स्पॉन्सर करणारी नोकरी मिळाली तर राहायचं, नाही तर परत जायचं. मला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं होतं, पण ते ठरावीक मुदतीचं. ऑक्टोबरात मुदत संपली. बाईंना ते मी सांगितलं नाही. त्यांचा फोन रविवारी यायचा. "काय म्हणते तुझी लॅब?" त्या विचारायच्या. "छान चाललंय बाई," मी म्हणायचो. मग त्या फोन जरा लांब धरून घरातल्या कुणाला तरी सांगायच्या, "चांगलं चाललंय म्हणतो." व्हिसा एप्रिलच्या शेवटी संपणार होता. त्याआधी नोकरी लागली की माझं खोटं आपोआप खरं होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. अर्ज रोज करत होतो. तीन ठिकाणी मुलाखतीपर्यंत गेलो. तिन्ही ठिकाणी माणसं अतिशय गोड बोलली आणि शेवटी म्हणाली, आम्हाला स्पॉन्सर करता येणार नाही.

मी राहत होतो ते घर एका वयस्कर रशियन जोडप्याचं होतं. काका निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या पत्नीने इथल्या एका शाळेच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढण्याचं काम वीस वर्षं केलं होतं. मुलगी लग्न होऊन लंडनजवळ मेडनहेडला असायची. वरच्या मजल्यावरची मागची खोली माझी, स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. मी पहिल्या दिवशी घरमालकिणीला मॅडम म्हटलं तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम दुकानात असतात. तुमच्याकडे माझ्या वयाच्या बाईला काय म्हणतात?" मी म्हटलं, मावशी. त्यांना ते आवडलं. त्यांच्याकडेही अनोळखी बाईला मावशीच म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून त्या मावशी.

त्याच दिवशी माझ्या हातातली बॅग खाली ठेवू द्यायच्या आधी त्यांनी दारात एक गोल काळा पाव आणि मिठाची वाटी पुढे धरली. पावाचा तुकडा मोडायचा, मिठात टेकवायचा आणि खायचा. मग आत टेबलावर जे होतं ते बघून मला वाटलं आणखी दहा माणसं येणार असतील. बटाट्याचं सॅलड, लोणच्याच्या काकड्या, बिटात गुलाबी झालेली हेरिंग मासळी, पिठाच्या पारीत कोबी भरून भाजलेला पिरोग, चहाबरोबर चमच्याने खायचा जाम. माणसं आम्ही तिघंच. पानात काही टाकायचं नाही ही आईची शिकवण, म्हणून मी ताट स्वच्छ केलं. मावशींनी लगेच पुन्हा भरलं. मी पुन्हा स्वच्छ केलं. तिसऱ्यांदा भरलं तेव्हा काका हसायला लागले.

"तू ताट रिकामं करतोस, तिला वाटतं तुझं पोट रिकामं आहे," ते म्हणाले. "एक घास ठेव. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी एवढंच शिकलोय."

"खोटं बोलतोय," मावशी म्हणाल्या. "तेवढंही शिकला नाही. पोट बघ त्याचं."

त्या घरात सगळ्यांच्या समोर खाताना मला परकं वाटलं नाही. पुढे जे झालं ते आठवताना हा दिवस आधी आठवतो, म्हणून लिहिला.

लॅब सुटल्यावर मी एका गोदामात शिफ्ट करत होतो. ख्रिसमसनंतर गोदामाने शिफ्ट देणं बंद केलं. भाडं मी चुकवलं नाही. काटकसर फक्त जेवणात करता येत होती, तिथे केली. जानेवारीत मी दिवसातून एकदा जेवत होतो, शेवटी शेवटी तेही रोज नाही.

एका शनिवारी जवळच्या चर्चमध्ये गरजूंना धान्य देतात तिथे गेलो. रांगेत माझ्यापुढे चार माणसं होती. तेवढ्यात टेबलामागून मराठीतून हाक आली. गणपतीत मंडळात भेटलेले डॉक्टरकाका ॲप्रन बांधून उभे होते, शेजारी काकू.

"अरे, तू पण व्हॉलंटिअरिंगला? वा. ये इकडे, टिन्सच्या टेबलाला माणूस कमी आहे."

मी म्हणू शकलो असतो की काका, मी रांगेत आहे. मी टेबलामागे गेलो. दोन तास मी लोकांना डाळीचे, टोमॅटोचे डबे पिशवीत भरून देत होतो. काकूंनी चहा आणि दोन बिस्किटं दिली. निघताना डॉक्टरकाका पाठीवर थाप मारून म्हणाले, "आजकालच्या मुलांना कुठे वेळ असतो रे. गुड मॅन." मी रिकाम्या हाताने घरी आलो.

मावशींकडे का मागितलं नाही, असं आता कुणी विचारेल. घरमालक काका तेव्हा आजारी पडून हॉस्पिटलात होते. मावशी सकाळी बसने जायच्या, दुपारी थकून यायच्या. येता-जाता मी दिसलो की विचारायच्या, "जेवलास?" मी म्हणायचो, "हो मावशी, झालं." आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. आपण नको म्हणतो, समोरचा आग्रह करतो, आपण पुन्हा नको म्हणतो, तो हात धरून बसवतो, मग आपण बसतो. पहिल्या दिवशी मावशींनी याहून जास्त आग्रह केला होता. मी त्या आग्रहाची वाट बघत होतो. पण त्यांचं सगळं लक्ष हॉस्पिटलकडे लागलेलं. त्या मान हलवून म्हणायच्या, "चांगलं केलंस," आणि खुर्चीत बसून बूट काढायच्या.

जानेवारीच्या शेवटी काका गेले. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण नेतात. माझ्याजवळ शेवटची मूठभर डाळ आणि तांदूळ होते, त्याची मी खिचडी केली आणि मावशींपुढे ठेवली. त्यांनी ती सगळी खाल्ली. नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्याकडे रीत उलटी होती. दुसऱ्याच दिवसापासून त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी रांधत होत्या.

बैठकीच्या खोलीत कपाटावर त्यांनी काकांचा फोटो ठेवला. फोटोपुढे व्होडकाचा छोटा पेला भरून ठेवला आणि पेल्यावर काळ्या पावाचा एक तुकडा, झाकणासारखा. हे चाळीस दिवस असंच राहणार, त्या म्हणाल्या. चाळीस दिवस माणूस घराच्या आसपास असतो. त्याला वाटायला नको की माझ्या टेबलावरची माझी जागा काढून टाकली.

मला ते समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं नदीकाठी उन्हात ताटकळत उभी असतात. माझ्या आजोबांच्या वेळी मी उभा होतो. म्हणून मी पुढे जे केलं ते अजाणता केलं असं मला म्हणता येत नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी अकराच्या सुमाराला मावशी कबरस्तानात गेल्या होत्या. माझ्या पोटात आदल्या दिवशीपासून काळ्या चहाशिवाय काही नव्हतं. फोनवर आणखी एका कंपनीचा नकार आला होता. मी खाली पाणी गरम करायला आलो. स्वयंपाकघरात पाव डब्यात होता, फ्रीजमध्ये भांडी भरलेली होती. ते मावशींचं होतं, त्याला हात लावणं म्हणजे चोरी, असं माझ्या मनात पक्कं होतं. आणि तोच मी बैठकीत गेलो आणि पेल्यावरचा तुकडा उचलून खाल्ला. हे असं का, याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. बहुतेक मला वाटलं असावं की हा तुकडा कुठल्याच जिवंत माणसाचा नाही. तो वाळलेला होता. दोन घासांत संपला. मग फोटोकडे बघायचं धाडस झालं नाही.

मावशी परत आल्या तेव्हा मी जिन्यात होतो. त्या कपाटासमोर कोट न काढता बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी मुलीला फोन लावला. स्पीकरवर मुलीचा आवाज मला ऐकू येत होता. ती इंग्रजीत बोलत होती, मावशी थोडं रशियन, थोडं इंग्रजी.

"मम, उंदीर असेल. मी शनिवारी येताना ट्रॅप आणते."

"माझ्या घरात उंदीर? तीस वर्षांत एक उंदीर दाखव."

"मग तुमचा तो वरचा मुलगा?"

"तो? तो कधी काही घेत नाही. रोज विचारते, रोज जेवलेला असतो." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुझे वडील येऊन गेले."

मी जिन्यातून वर खोलीत गेलो. त्याच क्षणी खाली जाऊन सांगायला हवं होतं. मी विचार केला, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी मावशी गुणगुणत कांदा चिरत होत्या. काका गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी पेल्यावर जाड तुकडा होता, वर लोणी आणि मीठ. "तो लोण्याशिवाय पाव खायचा नाही," त्या मला म्हणाल्या. "मी कोरडाच ठेवला होता. विसरलेच." तो तुकडा मी चार दिवस तसाच राहू दिला. पाचव्या दिवशी खाल्ला. त्यानंतर बशीत कोबीचा पिरोग आणि अर्धं उकडलेलं अंडं आलं. तेही मी खाल्लं, त्या दवाखान्यात गेल्या होत्या तेव्हा. खाताना मी स्वतःला सांगत होतो की यामुळे त्यांना बरं वाटतंय. हे अर्धं खरं होतं. अर्धं खरं आपल्या सोयीचं असलं की माणूस त्यावर किती दिवस काढतो, ते मी स्वतःवरून शिकलो.

मुलीने आणलेला उंदरांचा सापळा कपाटाखाली रिकामाच राहिला. त्या आठवड्यात शाळेतल्या बाईंचाही व्हॉइस मेसेज आला होता. "अरे, एक मेच्या कार्यक्रमाला तू फोनवरून बोल मुलांशी. दहा मिनिटं. लॅबबद्दल सांग. नाही म्हणू नकोस हं, मी मुख्याध्यापकांना हो सांगून बसलेय." मी अंगठा पाठवला.

मार्चमध्ये चाळिसावा दिवस आला. दुपारी जेवण होतं. मावशी, त्यांची मुलगी, काकांबरोबर काम केलेले एक गृहस्थ, शेजारच्या दोन इंग्रज बायका आणि मी. मला मावशींनी आपल्या शेजारी बसवलं. टेबलावर सुऱ्या-काटे नव्हते, नुसते चमचे. आधी प्रत्येकाने गव्हाचे तीन चमचे खायचे होते. शिजवलेले गहू, मध, मनुका. आमच्याकडची गव्हाची खीर घट्ट झाली तर लागेल तसंच. मग धिरड्यांसारखे ब्लिनी, मासळी, पिरोग. काकांची खुर्ची रिकामी, तिच्यासमोर ताट मांडलेलं. पेले उचलले पण कुणी एकमेकांच्या पेल्याला लावले नाहीत. मेलेल्या माणसासाठी पिताना लावत नाहीत.

मावशी उभ्या राहिल्या. शेजारणींना कळावं म्हणून इंग्रजीत बोलल्या.

"माझा नवरा भुकेला गेला नाही," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात शेवटचे नऊ दिवस तो काही खात नव्हता. मला त्याचंच वाईट वाटत होतं. पण तो तीनदा घरी आला. पाव खाल्ला. लोणी लावलेला पाव खाल्ला. पिरोग खाल्ला. माझी मुलगी हसते. हसू दे. मी आता निवांत आहे."

मुलगी हसत नव्हती. ती टेबलाखाली रुमाल चुरगाळत होती. एक शेजारीण डोळे पुसायला लागली.

मी उठलो. आधी ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडात अजून गहू होते.

"मावशी, ते मी खाल्लं."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. पाव मी खाल्ला, लोण्याचा पाव मी खाल्ला, पिरोग मी खाल्ला. मला नोकरी नाही. मला भूक लागली होती.

"तू माझ्या वडिलांच्या ताटातलं खाल्लंस?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "आणि ती आम्हाला फोन करून सांगत होती तेव्हा वर बसून ऐकत होतास?"

"हो."

"तीनही वेळा?" मावशींनी विचारलं.

"तीनही वेळा."

"मग तो आलाच नाही."

त्या खाली बसल्या. आता आठवलं की तेच वाक्य कानात येतं. त्यात मला दोष देणं नव्हतं. त्या एक गोष्ट समजून घेत होत्या, एवढंच. काकांबरोबर काम केलेले गृहस्थ रशियनमध्ये हळू काहीतरी बोलले. मावशींनी हाताने त्यांना थांबवलं. मग मला विचारलं, "मी विचारायचे तेव्हा तू जेवलेला असायचास?"

"नाही."

"एकदाही?"

"एक-दोनदा असेन."

त्यांनी माझं ताट ओढून घेतलं आणि भरलं. ब्लिनी, मासळी, बटाटे, वरून पुन्हा ब्लिनी. ताट माझ्यापुढे ठेवलं. "बस. आजच्या टेबलावरून कुणी उपाशी उठत नाही. खा."

पाच माणसांसमोर मी खाल्लं. हात थांबत नव्हता, कारण भूक खरीच होती. रडत होतो आणि खात होतो. आयुष्यात याहून लाजिरवाणं मी काही केलेलं नाही.

मुलीने दुसऱ्या दिवशी मला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. मावशींनी तिला म्हटलं, व्हिसा संपेपर्यंत राहू दे. त्या दिवसापासून रोज दुपारी एक वाजता माझ्या दाराबाहेर झाकलेलं ताट असायचं. सूप, पाव, कधी पिरोग. वाजवून जायच्या नाहीत. मी ताट धुऊन खाली ठेवायचो. मी दोनदा म्हटलं, मावशी, खाली तुमच्याबरोबर बसू का? दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "खा तू. थंड होतंय." पाहुण्याला एकट्याने जेवू द्यायचं नाही, ही त्यांच्या घरची सगळ्यात मोठी रीत. माझ्यासाठी त्यांनी ती मोडली आणि मला एकही दिवस उपाशी ठेवलं नाही. यात मी काय कमावलं आणि काय गमावलं, ते मला कळतं.

त्या ताटाशेजारी बसून मी बाईंना पत्र लिहिलं. फोनवर मला पुन्हा "छान चाललंय" म्हणण्याचा मोह झाला असता, म्हणून कागदावर लिहिलं आणि पोस्टात टाकलं. त्याचा कच्चा खर्डा माझ्याजवळ आहे.

"आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

माझी लॅबची नोकरी ऑक्टोबरात संपली. त्यानंतर दर रविवारी मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही ते खरं मानलंत, कारण मी शाळेत तुमच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो.

नव्वदेक ठिकाणी अर्ज केले. नोकरी मिळाली नाही. आता मिळेल असं वाटत नाही. व्हिसा या महिन्याअखेर संपतो आहे. मी ज्यांच्या घरी राहतो त्या बाईंचंही मी मन मोडलं आहे. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. समोर बसून सांगेन, तुम्ही ऐकून घेणार असाल तर.

आणखी एक सांगायचं राहिलं तर पत्र पुन्हा खोटंच होईल. लंडनमध्ये इल्फर्डला एक माणूस नोकरीचे खोटे कागद करून देतो असं ऐकलं होतं. मी ट्रेनने तिथपर्यंत गेलो होतो. त्याचं दार बंद होतं. उघडं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, म्हणून मी मोहाला बळी पडलो नाही असं तुम्हाला सांगणार नाही.

एक मेच्या कार्यक्रमाला मला बोलायला लावू नका. मुख्याध्यापकांना कारण काय सांगायचं ते तुमच्यावर सोडतो. खरं सांगितलंत तरी माझी हरकत नाही.

आई-वडिलांना मी अजून कळवलेलं नाही. कळलं की ते आधी तुम्हाला विचारतील, आता पुढे काय. मला माहीत नाही, एवढंच त्यांना सांगा. माझ्यासाठी कुठे शब्द टाकू नका. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते वाया गेलं का, हे मला विचारायचं आहे, पण विचारायची हिंमत होत नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी मी समजून घेईन.

आपला विद्यार्थी"